प्युरिफाय केलेलं प्रोटीन लेबल करायचंय पण आयोडीन-१२५ नको, मग काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरातच पीएचडी करणाऱ्या एका मुलीकडे ई. कोलायमध्ये बनवलेलं, निकेल कॉलमवरून काढलेलं, हिस-टॅगवालं (टोकाला हिस्टिडीनची रांग असलेलं) साधारण ३५ किलोडाल्टनचं प्रोटीन आहे, दीड-दोन मिलिग्रॅम, ट्रिस बफरमध्ये. पेशंटच्या सिरममधल्या अँटिबॉडीला आणि नंतर सेल्सला ते चिकटतं का हे बघायचं आहे. गाईडनी जुनी फाईल काढून दिली, त्यात क्लोरामीन-टी आणि आयोडीन-१२५ चा प्रोटोकॉल. लॅबकडे रेडिओॲक्टिव्हचं लायसन्स नाही, आणि भीती पण वाटून राहिली. तर सेफ पद्धत कोणती, आणि प्रोटीन खराब न होता कसं जमेल?

आधी सरळ उत्तर. तुमच्या कामाला आयोडीन लागतच नाही. बायोटिन लावा (छोटं व्हिटॅमिन, स्ट्रेप्टाव्हिडिन नावाचं प्रोटीन त्याला घट्ट धरतं म्हणून खुणेसारखं चालतं), तेही फक्त सेल्सच्या भागासाठी, सिरमच्या भागाला तर कदाचित लेबलच लागणार नाही. आता कारणं सांगतो, कारण गाईडपुढे जाऊन "नको" म्हणायचं तर हातात काहीतरी पाहिजे.

गाईडची पद्धत चुकीची नव्हती बरं का, ती त्यांच्या काळातली सर्वात भारी पद्धत होती. बर्सन आणि यालो यांनी १९६० च्या आसपास इन्सुलिन मोजायला रेडिओइम्युनोॲसे (अँटिबॉडी आणि रेडिओॲक्टिव्ह लेबल वापरून मोजायची चाचणी) उभा केला, त्यासाठी यालोंना १९७७ चं नोबेल मिळालं, आणि हंटर-ग्रीनवूडची क्लोरामीन-टीवाली मेथड १९६२ ची. पिकोग्रॅम लेव्हलचं हार्मोन मोजायचं तर तेव्हा दुसरं होतंच काय? आणि आयोडीनचा एक फायदा आजही खरा आहे, तो एकच अणू टायरोसीनवर जाऊन बसतो, प्रोटीनच्या आकारात फार ढवळाढवळ होत नाही. पण क्लोरामीन-टी स्वतः जबरदस्त ऑक्सिडायझर आहे, मेथायोनीन आणि ट्रिप्टोफॅनला पण सोडत नाही, म्हणून तर रिॲक्शन सेकंदात-मिनिटात मेटाबायसल्फाईट टाकून थांबवावी लागते. तुमच्या प्रोटीनच्या बाइंडिंग साईटमध्ये मेथायोनीन असेल तर लेबल मस्त लागेल आणि प्रोटीन कामातून जाईल.

आणि धोका कुठे आहे तो नीट समजून घ्या, कारण लोक शिशाची वीट पाहून घाबरतात आणि खरं घाबरायचं तिथे घाबरत नाहीत. आयोडीन-१२५ चे किरण कमी ऊर्जेचे, साधारण २७ ते ३५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे, मिलिमीटरहून पातळ शिशाचा पत्राही ते अडवतो. बाहेरून येणाऱ्या किरणांची भानगड त्यामुळे कमी. खरी भानगड ही की आयोडीन उडतं. सोडियम आयोडाईडचं ते सोल्युशन कुणी चुकून ॲसिडिक केलं किंवा फ्रीजरमध्ये गोठवलं की उडणारं आयोडीन वाढतं, ते श्वासातून आत जातं आणि थेट थायरॉईडमध्ये जाऊन बसतं. हाफ लाईफ साधारण ६० दिवस. म्हणजे कचरा दहा हाफ लाईफ साठवायचा म्हटलं तर ६०० दिवस, जवळपास तुमच्या पीएचडीची पावणेदोन वर्षं एक कपाट त्यातच अडकलं. आणखी एक, साधा गायगर काउंटर आयोडीन-१२५ ला फारसा ओळखतच नाही, त्याला पातळ सोडियम आयोडाईड क्रिस्टलवालं प्रोब लागतं. काउंटर टिकटिक करत नाही म्हणून बेंच स्वच्छ, असा हिशोब इथे चालत नाही.

कायद्याचं तर सोपं आहे, आपल्याकडे एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) परवानगी, रेडिओलॉजिकल सेफ्टी ऑफिसर, टीएलडी बॅज (अंगावर किती रेडिएशन पडलं ते मोजणारा), ठरवून दिलेली खोली आणि फ्युम हूड हे सगळं असल्याशिवाय माल मिळतच नाही, मिळायलाही नको. कुणी म्हणेल क्लोरामीन-टीऐवजी आयोडोजेन वापरा, १९७८ ची पद्धत, ट्यूबच्या भिंतीवर लेप असतो म्हणून प्रोटीनला कमी त्रास. किंवा बोल्टन-हंटर रीएजंट, १९७३ चं, त्यात ऑक्सिडायझर प्रोटीनला लागतच नाही. दोन्ही बरोबर आहे, प्रोटीनसाठी सेफ आहे, पण तुमच्यासाठी नाही, आयोडीन तर तेच राहिलं ना.

आता मुद्द्याची गोष्ट. कोणतं लेबल हे विचारायच्या आधी लेबल पाहिजेच का हे विचारा. सिरममधली अँटिबॉडी बघायची तर तुमचं प्रोटीन एलायझा प्लेटवर कोट करा, बीएसएने (गाईच्या रक्तातल्या अल्ब्युमिनने) ब्लॉक करा, सिरम टाका, वरून अँटी-ह्यूमन आयजीजी एचआरपी (रंग आणणारं एचआरपी एन्झाइम जोडलेली अँटिबॉडी), संपला विषय. सेल्ससाठी सुद्धा हिस-टॅगवर अँटी-हिस अँटिबॉडी चालू शकते, फक्त काही सेल्समध्ये हिस्टिडीनची रांग असलेली प्रोटीन्स असतात, तिथे बॅकग्राउंड येतो, आणि टॅग फोल्डमध्ये दबलेला असेल तर अँटिबॉडी पोचतच नाही. एकदा करून बघायला काय जातं, प्रोटीनला हातही लागत नाही. आमच्याकडे जे विद्यार्थी लेबलिंगचं विचारायला येतात त्यातल्या बऱ्याच जणांचं काम इथेच होऊन जातं, आणि त्यांना थोडं वाईटच वाटतं, कारण किटचं कोटेशन काढून झालेलं असतं.

नाहीच जमलं तर बायोटिन. यात मात्र थोडा वेळ घेतो, कारण केमिस्ट्री सोपी असूनही लोकांचं नेमकं इथेच बिघडतं.

सल्फो-एनएचएस-एलसी-बायोटिन घ्या. एनएचएस एस्टर लायसीनच्या अमाईनवर आणि प्रोटीनच्या एन-टोकाच्या अमाईनवर लागतो. सल्फोवालं पाण्यात विरघळतं, म्हणजे डीएमएफची गरज नाही, आणि डीएमएफ टळतं हाच सेफ्टीचा मोठा फायदा, लिव्हरला आणि होणाऱ्या बाळाला वाईट असलेलं ते सॉल्व्हंट आहे आणि कातडीतून आत जातं. बिनसल्फोवाल्यासाठी डीएमएसओ लागतं. ते स्वतः तितकं विषारी नाही पण त्यात विरघळलेलं काहीही सोबत घेऊन हातातून आत शिरतं, म्हणून ग्लव्ह्ज. डीएमएसओ साडेअठरा डिग्रीला गोठतं हे पण लक्षात ठेवा. डिसेंबर-जानेवारीत सकाळी आपल्याकडे पारा दहाच्या आसपास असतो, लॅब उघडली की बाटलीत पांढरा गोळा दिसतो, आणि दरवर्षी कुणीतरी नवीन पोरगं "सर, डीएमएसओ खराब झालं" म्हणत येतं. खराब नाही झालं, कोमट पाण्यात ठेवा, होतं पातळ.

तुमची पहिली अडचण ट्रिस. ट्रिसमध्ये स्वतःचं अमाईन आहे, तुमचं महागाचं बायोटिन प्रोटीन सोडून ट्रिसलाच लागेल. निकेल कॉलममुळे इमिडाझोल पण असणार, ते एनएचएस एस्टरला फटाफट तोडतं. ग्लायसीन, अमोनियम सल्फेट यांचंही तसंच. म्हणून पीबीएसमध्ये डायलिसिसला लावा, पीएच ७.५ च्या आसपास, दोनदा बफर बदला, रात्रभर कोल्ड रूममध्ये. पीएच पेपरने नका बघू, मीटरने बघा. पीएच कमी असला तर लायसीन रिॲक्ट होत नाही, जास्त असला तर एस्टर पाण्यातच मरतो: पीएच ७ ला थंडीत त्याची हाफ लाईफ चार-पाच तास असते, ती ८.६ ला दहा मिनिटांवर येते.

हिशोब करू. ३५ किलोडाल्टनच्या प्रोटीनचे १०० मायक्रोग्रॅम म्हणजे २.८६ नॅनोमोल. सल्फो-एनएचएस-एलसी-बायोटिनचं मोलर वजन ५५६.६, म्हणजे २.२ मिलिग्रॅम ४०० मायक्रोलिटर पाण्यात टाकलं की साधारण १० मिलिमोलर होतं. किटमध्ये २० पट (प्रोटीनच्या एका मोलला २० मोल बायोटिन) लिहिलेलं असतं, ते आंधळेपणाने सगळ्या प्रोटीनवर मारू नका. तीन ट्यूब घ्या, प्रत्येकात १०० मायक्रोग्रॅम, एकीत ५ पट म्हणजे १.४ मायक्रोलिटर, दुसरीत १० पट म्हणजे २.९, तिसरीत २० पट म्हणजे ५.७. चौथी ट्यूब नुसत्या पाण्याची, हिला विसरू नका, तीच तुमची कंट्रोल. प्रोटीन मिलीला १ मिलिग्रॅमच्या आसपास ठेवा, फार पातळ असलं तर पाणीच जिंकतं. शेवटी ट्यूब उजेडासमोर धरून बघा, २० पटवाली गढूळ दिसली तर समजा लायसीन जास्त झाकले गेले, चार्ज गेला आणि प्रोटीन खाली बसायला लागलं. तसं झालं तर ५ पटवर थांबा किंवा एलसीऐवजी पीईजी-४ लिंकरवालं घ्या, ते पाण्याला जास्त मानवतं.

प्रोटोकॉलमध्ये "रूम टेंपरेचरला ३० मिनिटं" लिहिलेलं असतं. ते रूम कुठलं? ते लिहिणाऱ्याचं रूम २०-२५ डिग्रीचं आहे. आपल्याकडे मे महिन्यात एसी नसलेल्या लॅबमध्ये दुपारी बेंचवर ३८-४० असतं, तिथे एस्टर पण लवकर तुटतो आणि काही प्रोटीन्स पण. बर्फावर दोन तास करा, बाराही महिने एकसारखं येतं.

आणि पावडर. एनएचएसवालं काहीही फ्रीजरमधून काढलं की लगेच उघडायचं नाही, सिलिका जेलच्या डब्यातच बेंचवर येऊ द्यायचं, बाटली बाहेरच्या हवेइतकी झाली की मगच झाकण. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत थंड बाटली उघडली की आत दव धरतं आणि पुढच्या वेळी त्याच बाटलीतून निघतं ते बायोटिन असतं खरं, पण कशाला न लागणारं. वजन करताना कूलर बंद. हे मी हसण्यावारी सांगत नाही, नागपूरच्या उन्हाळ्यात लॅबला खिडकीत वाळ्याचा कूलर लावलेला असतो आणि बॅलन्स नेमका त्याच्या झोतात, म्हणजे एक तर पावडर उडते, दुसरं ओल्या हवेत ती चिकट होते, तिसरं रीडिंग स्थिर येत नाही, आणि उडालेली पावडर कुणाच्या तरी नाकात जाते. त्यापेक्षा एक-दोन मिलिग्रॅमच्या सील केलेल्या वजनाच्या ट्यूब मिळतात त्या घ्या, थोड्या महाग पडतात पण वजन करायचंच नाही, ट्यूबमध्येच पाणी टाकायचं आणि उरलेलं फेकायचं. बनवलेलं सोल्युशन उद्यासाठी ठेवू नका.

रिॲक्शन झाली की मोकळं बायोटिन काढा, इथे कंजुषी नको. मोकळं बायोटिन स्ट्रेप्टाव्हिडिनच्या जागा आधी जाऊन अडवतं आणि तुम्हाला वाटतं लेबलच लागलं नाही. पीडी-१० कॉलमला अडीच मिली टाकून साडेतीन मिलीत काढतात, तुमच्या १०० मायक्रोलिटरला ते फार मोठं, स्पिन डिसॉल्टिंग कॉलम बरा. नाही तर डायलिसिस, १० किलोडाल्टनच्या मेंब्रेनमधून बायोटिन निघून जातं आणि तुमचं प्रोटीन राहतं.

मग तपासणी. हाबा ॲसेने प्रोटीनमागे किती बायोटिन लागले ते येतं, ५०० नॅनोमीटरची ओडी (किती उजेड शोषला गेला तो आकडा) जितकी पडेल तितकं बायोटिन. पण त्याआधी साधं डॉट ब्लॉट करा, नायट्रोसेल्युलोजवर चारही ट्यूबचे ठिपके, स्ट्रेप्टाव्हिडिन-एचआरपी, सबस्ट्रेट (एचआरपी ज्याला रंग आणतं ते). ब्लॉकिंगला दूध पावडर नको, दुधात बायोटिन असतं, बीएसए घ्या. आणि लेबल लागलं म्हणजे काम झालं असं नाही, प्रोटीन जिवंत आहे का ते बघा: लेबलवालं थोडं आणि बिनलेबलचं ५०-१०० पट एकत्र टाका (ही कॉम्पिटिशन), सिग्नल खाली पडला पाहिजे. नाही पडला तर जे चिकटतंय ते नुसतं चिकट आहे, बाइंडिंग नाही. ५ आणि २० पटवाल्या ट्यूबमध्ये इथे फरक दिसतो, जास्त बायोटिनवाली डॉट ब्लॉटमध्ये ठसठशीत आणि बाइंडिंगमध्ये मेलेली असं बरेचदा होतं. लायसीन साईटवरच असेल तर असंच होणार.

सेल्सवर करताना दोन गोष्टी. आरपीएमआय मीडियममध्ये बायोटिन घातलेलं असतं, डीएमईएममध्ये नसतं, तर सेल्स आरपीएमआयमधल्या असतील तर पीबीएसने नीट धुवा. आणि सेल्स फोडून किंवा परमिएबल करून बघायचं असेल तर आतल्या मायटोकॉन्ड्रियात बायोटिन लागलेले एन्झाइम्स असतातच, लिव्हर-किडनीच्या सेल्समध्ये तर भरपूर. फक्त वरून चिकटवणार असाल तर याचा त्रास नाही.

फ्लो सायटोमीटरवर जायचं असेल तर फ्लुरोसंट डाय थेट लावता येतो. एफआयटीसी स्वस्त, पण त्याला पीएच ९ चा कार्बोनेट बफर, अंधार, आणि काळजी लागते, कारण आयसोथायोसायनेट आहे, पावडर श्वासात गेली तर काहींना दम्यासारखी ॲलर्जी बसते आणि एकदा बसली की कायमची. रेडिओॲक्टिव्ह नाही म्हणून उघड्यावर वजन करणारे मी बघितलेत. एनएचएसवाला ॲलेक्सा ४८८ पीएच ८.३ ला लागतो, चमक टिकते, पण खिसा रिकामा. किती लागलं ते ओडीवरून: ४९५ च्या ओडीला ७०,००० ने भागा, ते डायचं मोलर. २८० च्या ओडीतून ४९५ च्या ओडीचे ०.३ पट वजा करा आणि प्रोटीनच्या स्वतःच्या एक्स्टिंक्शन कोएफिशंटने भागा, ते प्रोटीनचं. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की झालं. हे ०.३ एफआयटीसीचं आहे, ॲलेक्सा ४८८ ला ०.११ घ्या. तुमच्या ३५ किलोडाल्टनला १ ते २ पुरे, जास्त लावलं तर डायच एकमेकांची चमक खातात.

एचआरपी थेट प्रोटीनला जोडायची पेरिओडेटवाली १९७४ ची पद्धत आहे, छान चालते, पण आजच्या बऱ्याच प्रोटोकॉलमध्ये शेवटी सोडियम सायनोबोरोहायड्राईड येतं आणि त्याला ॲसिड लागलं की सायनाईडचा गॅस. स्ट्रेप्टाव्हिडिन-एचआरपी तयार मिळत असताना हे घरी करायचं कारण मला तरी दिसत नाही. एचआरपीच्या जवळपास सोडियम अझाईड पण नको, ते एन्झाइमला मारतं. आणि अझाईड बेसिनमध्ये तर ओतूच नका, ॲसिडशी मिळालं तर विषारी हायड्राझोइक ॲसिड, पाइपच्या तांब्या-शिशाशी मिळालं तर स्फोटक सॉल्ट. जुन्या कॉलेजांच्या बिल्डिंगमध्ये पाइप कशाचे आहेत कुणाला माहीत असतं? सबस्ट्रेट टीएमबी घ्या, ओपीडी आणि डॅब कॅन्सरच्या संशयाखाली आहेत, बेंझिडीन तर पक्कं कॅन्सरचं आहे, ते जुन्या प्रोटोकॉलमध्ये दिसलं तर पान उलटा.

तुम्ही कन्स्ट्रक्ट (प्रोटीनचा डीएनए) नव्याने बनवणारच असाल तर ॲव्हीटॅग टाकून ठेवा, १५ अमिनो ॲसिडचा, बीरए एन्झाइम त्यातल्या एकाच लायसीनवर एक बायोटिन लावतं. एटीपी, मॅग्नेशियम, बायोटिन, एवढंच लागतं. बाइंडिंग साईटला धक्का नाही, दर वेळी तेच लेबल. आत्ताच्या प्रोटीनला उपयोग नाही, पुढच्याला आहे.

आयोडीन खरंच लागतं अशी कामं उरलीत, प्राण्यात प्रोटीन कुठल्या अवयवात किती गेलं ते अचूक मोजणं, किंवा सेलवर अगदी मोजके रिसेप्टर असणं. तेव्हा लायसन्स असलेल्या संस्थेत जाऊन त्यांच्या माणसाकडून करून घ्या. शहरातल्या न्यूक्लिअर मेडिसिनच्या हॉट लॅबमध्ये (रेडिओॲक्टिव्ह औषधं हाताळायच्या खोलीत) ओळखीने जमवू असं कुणी म्हटलं तर नाही म्हणा, ती पेशंटच्या कामाची जागा आहे आणि परवानगी कामागणिक असते.

कचऱ्याचं, बायोटिनचं पाणी आणि पीबीएस याला विशेष काही नाही. डीएमएसओ-डीएमएफ, डाय आणि अझाईड यांच्या बाटल्या वेगळ्या, लेबल लावून, आणि कॉलेजच्या सेफ्टीवाल्यांकडून बुटीबोरीला घातक कचऱ्याच्या प्लांटला जातील असं बघा. अझाईडची आणि ॲसिडची बाटली एका ट्रेमध्ये नको.

तर उद्या डायलिसिसला लावा, परवा चार ट्यूब, त्याच्या दुसऱ्या दिवशी डॉट ब्लॉट आणि कॉम्पिटिशन. जी ट्यूब दोन्हीत पास होईल तेवढ्याच पटीने उरलेल्यातलं अर्धं प्रोटीन लेबल करा, सगळं नको. २०-२० मायक्रोलिटरच्या ट्यूब करून उणे ८० ला ठेवा, एक ट्यूब एकदाच वितळवायची. कॉम्पिटिशनमध्ये सिग्नल खाली पडला नाही तर बफरचा मीटरवरचा पीएच, प्रोटीनचं कन्सेन्ट्रेशन आणि किती पट टाकलं हे तिन्ही लिहून परत विचारा, बहुतेक त्यातच सापडतं.